नववा फर्मा

नववा फर्मा चर्चच्या सेक्रेटरीसाहेबांच्या हाती लागला, ही बातमी फर्मामावशीला भर उपासनेत कळली. पुढच्या बाकांवरून एक चिठ्ठी हातोहात मागे आली. चिठ्ठीत दोनच वाक्यं होती: 'पप्पांनी दप्तर तपासलं. नववा सापडला.' लिहिणारी सेक्रेटरीसाहेबांची सोळा वर्षांची लेक. ती इतकं कमी बोलायची की तरुण संघातली पोरं तिला मौनी म्हणायची. तिनं एका दमात दोन वाक्यं लिहिली, म्हणजे पाणी डोक्यावरून गेलं होतं.

मावशीनं मान उंचावून पाहिलं. व्यासपीठाजवळच्या खुर्चीत सेक्रेटरीसाहेब ताठ बसले होते. मांडीवर फाइल, आणि फाइलीतून डोकावणारा खाकी कागद. तो कागद मावशीनं स्वतःच्या हातानं कापून चिकटवला होता. गाणं सुरू झालं, सगळे उठले. मावशीही उठली, पण तिची नजर त्या कागदावरच होती.

मावशीला फर्मामावशी हे नाव पडलं ते छापखान्यामुळे. सातवीत शाळा सुटली आणि ती बाइंडिंग खात्यात लागली, त्याला आता एकतीस वर्षं झाली. मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापून येतात, काही सुलटी, काही उलटी. कागदाला तीन घड्या घातल्या की पानं आपापल्या जागी बसतात. त्या सोळा पानांच्या घडीला म्हणतात फर्मा. असे फर्मे ओळीनं लावून शिवले की पुस्तक होतं. पण एका टेबलावर एकच फर्मा येतो. पाचवा हिच्याकडे, तर सहावा पलीकडच्या बाईकडे. त्यामुळे मावशीचं सगळं वाचन सोळा-सोळा पानांचं. कादंबरीतलं कुणीतरी दाराला हात घालायचं आणि नेमकं तिथंच वाक्य तुटायचं. फर्म्याला वाक्याशी काय देणंघेणं? मग जेवणाच्या सुट्टीत मावशी डबा घेऊन शेजारच्या टेबलावर हजर.

"तुझ्याकडे सहावा ना गं? बघू, ती बाई वाचली की मेली?"

"आधी जेव तरी! तुझी कोण लागत होती ती?"

नवरा सगळ्यांना सांगायचा, "आमच्या हिला जगातल्या सगळ्या गोष्टी ठाऊक आहेत. फक्त सुरुवात आणि शेवट तेवढे विचारू नका."

चर्चच्या मागच्या वाचनखोलीची किल्ली दहा वर्षांपूर्वी तिच्याकडे आली, तीही इतर कुणी घेईना म्हणून. एक टेबल, चार बाकं आणि ख्रिस्ती कथा-कादंबऱ्यांचं एक काचेचं कपाट. त्या खोलीत मावशीनं आयुष्यात पहिल्यांदा एक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचलं. वाचून झाल्यावर ती बराच वेळ नुसती बसून राहिली होती. तेव्हापासून ती किल्ली तिच्या पर्समध्ये वेगळ्या कप्प्यात असायची. घराची किल्ली चार वेळा हरवली, ही कधी नाही.

पण वाचायला कुणी येईना. पाळकसाहेबांनी उपदेशातून सांगून पाहिलं, तरुण संघात स्पर्धा लावली, बक्षिसाला पेनं ठेवली. पोरं पेनं घेऊन गेली, पुस्तकं तिथंच. शेवटी मावशीनं त्यातल्या सगळ्यात उंच मुलाला, ज्याला सगळे टॉवर म्हणत, त्यालाच धरलं.

"खरं सांग, का नाही वाचत?"

"मावशी, पहिल्याच पानावर कळतं ना, शेवटी सगळे रडणार आणि प्रार्थना करणार. मग मधली दोनशे पानं कशाला?"

मावशीला राग आला, पण पोरगं काही अगदीच खोटं बोलत नव्हतं. त्या आठवड्यात तिनं कपाट पालथं घातलं. तळाला एक पुस्तक निघालं, मुखपृष्ठ गेलेलं, नाव गेलेलं, पाठ उखडलेली. एका पाळकाच्या मुलाची गोष्ट. त्याचा जिवलग मित्र आजारी पडतो, सगळी मंडळी गुडघे टेकते आणि मित्र तरीही जातो. मुलगा घर सोडतो. यात शेवट पहिल्या पानावर कळत नव्हता, निम्म्यावरही कळत नव्हता. मावशीनं पुस्तक घरी नेलं, दोरा कापला आणि तेरा फर्मे सुटे केले. प्रत्येकाला खाकी कव्हर, वर मोठा आकडा, बस्स. एका वेळी एकालाच एक फर्मा, दारामागच्या यादीत नंबर लावायचा, आणि पुढचं कुणी कुणाला सांगायचं नाही.

पहिला फर्मा टॉवरनं 'बघू तरी' म्हणून नेला आणि दुसऱ्या दिवशी छापखान्याच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. "मावशी, ही काय पद्धत? अर्ध्या वाक्यात?" दोन महिन्यांत यादीत अकरा नावं झाली. टॉवर अकराव्या फर्म्यावर, त्याच्या मागोमाग मौनी नवव्यावर.

चूक होती ती खाकी कव्हरांत. एकतीस वर्षं फर्मे हाताळलेल्या बाईला फर्मा म्हणजे तुकडा, हे कुणाला सांगावं लागेल असं कधी वाटलंच नाही. तिनं आकडा घातला, 'पुढे चालू' लिहिलं नाही. मधले सगळे फर्मे वाक्य तोडून संपत होते. एकटा नववा, नेमका तोच, पूर्णविरामावर संपत होता.

उपासना सुटल्यावर वाचनखोलीत बैठक बसली. टेबलाच्या एका बाजूला सेक्रेटरीसाहेब, पाळकसाहेब आणि दोन पंच. दुसऱ्या बाजूला मावशी. तिला कुणी बस म्हटलं नाही. दार नीट लागत नसे, त्यामुळे फटीत वरपासून खालपर्यंत पोरांचे डोळे दिसत होते. सगळ्यात वर टॉवरचे.

"हे काय आहे?" सेक्रेटरीसाहेबांनी खाकी वही टेबलावर टाकली.

"नववा फर्मा, साहेब."

"नववा! ऐकलंत? म्हणजे आधीची आठ पत्रकं वाटूनही झाली!"

"पत्रकं नाहीत हो. कादंबरी आहे. आपल्याच कपाटातली."

"सोळा पानांची कादंबरी? आणि शेवट काय आहे, ठाऊक आहे?" त्यांनी चष्मा चढवला. "'देव नाही. आणि नसलेलाच बरा.' संपलं! पुढं कोरा कागद! हे माझ्या मुलीच्या दप्तरात, गणिताच्या वहीशेजारी!"

एका पंचानं जीभ चावली. मावशीनं त्या उघड्या शेवटच्या पानाकडे पाहिलं. कव्हर, आकडा, पूर्णविराम. प्रथमच तिला ते दुसऱ्याच्या डोळ्यांनी दिसलं.

"साहेब, चूक माझी. हा तुकडा आहे. पुढे अजून चार आहेत."

"म्हणजे चर्चचं पुस्तक फाडलंत?"

"फाडलं नाही, उसवलं. परत शिवून देईन, आहे त्याहून पक्कं."

पाळकसाहेब मध्ये पडले. "बाई, मी ते पुस्तक वाचलेलं नाही. पुढे काय होतं, ते सांगून टाका. प्रश्न मिटेल."

"हो, सांगाच," सेक्रेटरीसाहेब म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि आवाज एकाएकी खाली आला. "परत येतो का तो मुलगा?"

तीन वर्षांपूर्वी सेक्रेटरीसाहेबांचा थोरला मुलगा असाच भर उपासनेत उठून निघून गेला होता. बाकापासून दारापर्यंत वाजलेली त्याची पावलं सगळ्यांनी ऐकली होती. त्यानंतर तो ना चर्चमध्ये आला, ना घरी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी विषय काढत नव्हतं.

उत्तर मावशीच्या जिभेवर होतं. एक शब्द, की हा माणूसही सुटेल आणि किल्लीही राहील. तिनं दाराकडे पाहिलं. अकरा पोरं फटीला चिकटून उभी होती. दोन महिने ज्या शब्दासाठी नंबर लावले, तो आता फुकटात कानावर पडणार होता. आणि त्यानंतर बारावा, तेरावा कोण वाचणार? फटीत खाली मौनीचा चेहरा होता. तिनं हळूच मान हलवली. नको.

"सांगते साहेब. पण या पोरांना आधी अंगणात पाठवा."

"पोरांसमोर बिघडलंय, पोरांसमोरच सांगा."

"मग नाही सांगत."

"बाई!" पाळकसाहेब दचकले.

"दहावा माझ्या पिशवीत आहे. तो देते. वाचा, आणि मग काय ती शिक्षा करा."

"किल्ली ठेवा टेबलावर."

पर्सची चेन दोनदा अडकली. मावशीनं किल्ली टेबलावर ठेवली, आणि तिच्याशेजारी पिशवीतला दहावा. सेक्रेटरीसाहेबांनी ती उचलून खिशात घातली. दारापर्यंत गेले, परत आले आणि दहावा फर्माही उचलला.

अंगणात टॉवरनं तिला गाठलं. "एक शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?"

"तूच म्हणाला होतास ना, शेवट कळला की मधलं कशाला?"

"ते खरं. पण आता खोलीच नाही तर..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

पुढचे तीन दिवस मावशीचं कशात लक्ष लागेना. मंगळवारी तिनं एका गठ्ठ्याच्या घड्या उलट्या घातल्या. फोरमन ओरडला, "मावशी, पान एकविसावरून थेट अठ्ठावीस? एकतीस वर्षांत पहिल्यांदा!" घरी नवरा गमती सांगून थकला. तिला एकच प्रश्न कुरतडत होता. बापाला तडफडत ठेवून पोरांची गंमत राखली, हे बरोबर झालं का?

बुधवारी दुपारी सेक्रेटरीसाहेब बाइंडिंग खात्याच्या दारात उभे राहिले. हातात दहावा. कटिंग मशिनच्या आवाजात त्यांनी काहीतरी म्हटलं, ते मावशीला ऐकू आलं नाही. जवळ येऊन ते पुन्हा म्हणाले, "यात तर तो आणखी लांब गेला."

"हो."

"बाप दर महिन्याला पत्र लिहितो. मुलगा त्यांचा गठ्ठा करून ठेवतो, एकही फोडत नाही. शेवटच्या पानावर एक फोडतो, आणि..."

"आणि वाक्य तुटतं."

"काय लिहिलंय बापानं?" मशीन नेमकं त्याच क्षणी थांबलं, आणि तो प्रश्न सगळ्या खात्यानं ऐकला. टेबलाटेबलांवरच्या बाया वळून पाहू लागल्या. सेक्रेटरीसाहेबांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. "मी तीन वर्षांत चार वेळा कागद समोर घेतला. पहिली ओळच सुचत नाही."

मावशीनं हातातली घडी खाली ठेवली. आता सांगावं असं तिला अगदी आतून वाटलं. इथं पोरं नव्हती. पण ते पत्र दोन पानांचं होतं, आणि आपण सांगितलं तर त्याचा नुसता निरोप होईल.

"ते माझ्या तोंडून ऐकू नका, साहेब. जसं लिहिलंय तसं वाचा. अकराव्याच्या पहिल्याच पानावर आहे."

"मग द्या अकरावा."

"तो टॉवरकडे आहे. त्याच्यानंतर तुमची लेक, तिच्यानंतर तुम्ही."

"चर्चच्या सेक्रेटरीला नंबर?"

"आणि तिचा दहावाही अडलाय. तिची पाळी होती, मध्ये तुम्ही घुसलात."

त्यांनी हातातलं खाकी कव्हर उलटसुलट केलं. "ती माझ्याशी बोलत नाही रविवारपासून."

"ती कुणाशी बोलते?"

"घरी बोलायची," सेक्रेटरीसाहेब म्हणाले आणि आले तसे निघून गेले. किल्लीबद्दल अवाक्षर नाही.

शनिवारी मावशीनं घरी असलेल्या बाराव्या-तेराव्या फर्म्यांची कव्हरं काढून नवी चढवली. बाराव्यावर जाड पेनानं लिहिलं: 'हा तुकडा आहे. पुढे वाचा.' लिहिताना तिला ठाऊक नव्हतं, की हे कुणी वाचणार आहे की नाही.

रविवारी ती मुद्दाम लवकर गेली. खोली उघडी होती. सेक्रेटरीसाहेब आत पहिल्या बाकावर बसले होते, आणि त्यांच्याशेजारी मौनी, हातात अकरावा. दहावा तिनं दोन दिवसांत संपवला होता. टॉवर नि बाकीची पोरं भिंतीला टेकून हे दृश्य बघत होती, हसावं की पळावं ते न कळून.

सेक्रेटरीसाहेबांची मान हळूहळू लेकीच्या खांद्यावरून पुढे झुकली. अजून थोडी. अजून थोडी.

मौनीनं फटकन फर्मा मिटला.

"पप्पा, नंबर!"

एवढ्या मोठ्यानं तिचा आवाज त्या खोलीत कुणी ऐकला नव्हता. टॉवर फिस्कन हसला आणि लगेच तोंडावर हात ठेवला. सेक्रेटरीसाहेबांनी मान मागे घेतली, सदरा सारखा केला आणि भिंतीकडे बघत बसले.

"किती पानं राहिली?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"चौदा."

"बसतो मग."

किल्ली त्यांनी मावशीला परत दिली नाही, अजूनही दिलेली नाही. दर रविवारी मावशी पायरीवर ताटकळत उभी राहते आणि साहेब पाच मिनिटं उशिरा येतात. तिला ते आवडत नाही, आणि ती तसं तोंडावर सांगते. यादीत आता सतरा नावं आहेत.