दलदलीतली बाई

नात मोबाइलवर खेळत होती. खेळातल्या बाईने कुठे जायचं ते जमिनीवरची पिवळी रेघच दाखवते. "आजी, हा आईचाच जुना खेळ. आता सोपा केलाय, कोणालाही जमतो," ती म्हणाली.

याच खेळात माझी लेक शैला एकदा दलदलीत अडकली होती. तेव्हा वाट स्वतः शोधून वहीत लिहावी लागे. बाई बुडाली तर महिन्याभराचा खेळ पहिल्यापासून. शैलाच्या पुढ्यातला भात निवला होता, बोटं कॉम्प्युटरवरून हलत नव्हती. मी रेवदंड्याच्या खाडीत, चिखलातल्या शिंपल्या, तिसऱ्या वेचणारी. न राहवून म्हणाले, "चकाकत्या चिखलात पाय नको टाकू. गवत हाय तिथनं जा."

"आये, हा खेळ हाय, खाडी न्हाय."

"मग बुड."

तिने गवताची वाट धरली. एकेक पाऊल. मी तिच्या खांद्यावरून बघत होते. मध्येच गवत संपलं. शैलाने माझ्याकडे पाहिलं. मला ठाऊक नव्हतं, तरी ठसक्यात म्हणाले, "डावीकडं."

बाई बुडाली.

शैलाने ताडकन कॉम्प्युटर बंद केला. तिसऱ्या दिवशी वही घेऊन चुलीपाशी आली. "आये, खाडीत कसं चालतात, नीट सांग."

खेळासाठीच विचारतेय म्हणून मी वैतागले. पण त्याआधी तिने मला खाडीबद्दल कधीच काही विचारलं नव्हतं.