उत्तर येणाऱ्यानं मारायचं

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात मी गाव सोडलं. एसटीच्या थांब्यावर आई, बाप, आक्का आणि मी असे चौघं उभे होतो. माझी पत्र्याची पेटी बापाच्या डोक्यावर. मला हात लावू देईना. दहावीला इंग्रजीत शाळेत पहिला आलो तेव्हापासून मी घरातला ओझं न उचलणारा माणूस झालो होतो. बाप पौड रस्त्यावर मैलकुली होता. खड्डे बुजवायचे, खडी पसरायची आणि साहेबाची जीप आली की टिकाव टाकून कडेला हात जोडून उभं राहायचं. मला समजायला लागल्यापासून त्याचं एकच सांगणं होतं, "विंग्रजी शिक. मग तुला कुणी अरे म्हणायचं न्हाई." गाडी आली. मी आक्काच्या डाव्या अंगाला होतो. "येतो गं," म्हणालो. ती तशीच समोर बघत राहिली. तिला ऐकूच गेलं नाही. त्या बाजूच्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं, आणि तो कान मी फोडला होता.

हे बारा वर्षांनी मस्कतहून लिहितोय. जे गावात राहिले त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे चार इंग्रजी वाक्यांच्या जोरावर बाहेर पडले त्यांच्यासाठीही. तुम्हांपैकी निम्म्यांना मी मारलंय. लाजायचं कारण नाही, तुम्हीही मारलंत. इंग्रजीच्या सरांचा नियमच तसा होता.

नव्या लोकांसाठी नियम सांगतो. सर प्रश्न विचारत. "टेक"ची तीन रूपं सांगा, नाहीतर या वाक्याच्या शेवटी पूर्णविराम येतो की प्रश्नचिन्ह ते सांगा. प्रश्न बाकाबाकानं फिरायचा. ज्याला यायचं नाही तो उभा राहायचा. ज्याला पहिल्यांदा यायचं, त्यानं उठून उभ्या असलेल्या सगळ्यांच्या कानाखाली एकेक द्यायची. सर खुर्चीत बसून बघायचे. स्वतःचा हात त्यांनी क्वचितच उचलला, त्यासाठी आम्ही होतो. आणि हळू मारली तर मारणाऱ्यालाच फूटपट्टीची धार बोटांच्या पेरांवर. कॉमा कुठं द्यायचा हे मी असं शिकलो. अजूनही माझा कॉमा चुकत नाही. त्या माणसाचं वाटोळं होवो असं मी पुष्कळदा म्हटलंय, आणि त्याच्याच व्याकरणावर पगारही घेतोय.

आक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. मला सांभाळायला घरी राहिली म्हणून शाळेत उशिरा गेली आणि माझ्याच वर्गात आली. इंग्रजीच्या तासाला ती रोज उभी. रोज. सर तिला "आपल्या वर्गाचा खांब" म्हणायचे आणि वर्ग हसायचा, मीही हसायचो. आमची आठ-दहा घरं बौद्धवाडीतली, आमची पोरं दाराजवळ मागं बसायची. पुढचे बाक जमीनवाल्यांच्या पोरांचे. त्यामुळे प्रश्न त्यांच्याकडून सुरू होऊन माझ्यापर्यंत यायचा, आणि माझ्यापर्यंत आला की संपायचा. मग मी उठायचो.

नववीत असताना एकदा पुढच्या बाकावरच्या दत्तूला मी नियमाप्रमाणे दिली. दत्तू म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याचा मुलगा. चांगली सणसणीत बसली, बोटं उमटली. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. शाळा सुटल्यावर ओढ्यात तो आणि त्याचे तीन चुलतभाऊ थांबले होते. एकानं दप्तर ओढलं, दुसऱ्यानं मानगूट धरून तोंड चिखलात दाबलं. "आमच्या गालाला हात लावतो व्हय रं?" दत्तू माझ्या उजव्या हातावर पाय देऊन उभा राहिला आणि टाच फिरवत राहिला. श्वास कोंडला, चिखल घशात गेला. मरतोय आता, असं वाटलं तेव्हा सोडलं. घरी सांगितलं, घसरून पडलो. खरं सांगितलं असतं तर बाप भांडायला गेला असता आणि दुसऱ्या दिवशी वाडीवर काठ्या आल्या असत्या. तसं आधी झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी "टेक"ची रूपं. दहा जण उभे. मी उत्तर दिलं आणि निघालो. दत्तूच्या गालाला सुजलेला हात नुसता टेकवला. सरांनी बघितलं. "मुका घेतोस का त्याचा?" वर्ग फिदीफिदी हसला. फूटपट्टीची धार त्याच सुजलेल्या हातावर तीनदा आली आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. "आता पुढचे नीट." पुढच्या आठांना मी नीट दिली. शेवटी मुलींच्या रांगेत आक्का होती. ती माझ्याकडं बघत होती, घाबरलेली वगैरे नाही, नुसती बघत होती. तिचं ते बघणंच मला सहन झालं नाही. ओढा, चिखल, टाच, मुका, फूटपट्टी, सगळं त्या एका थपडेत गेलं. वड्याचं तेल वांग्यावर, आणि वांगं घरचंच. आक्का भिंतीवर आदळून खाली बसली. कानातून रक्ताची बारीक धार मानेपर्यंत आली. सर म्हणाले, "शाब्बास. याला म्हणतात मारणं."

आईनं लसणीचं तेल घातलं. कान पिकला, महिनाभर वाहिला, दवाखान्यात सांगितलं की पडदा गेलाय. आक्काची शाळा सुटली. "निम्मं ऐकू येतंय, त्यात आधीच मठ्ठ," असं सगळेच म्हणाले. मी वाट बघत होतो, बाप मला मारील. चामडी लोळवली असती तर सुटलो असतो. बापानं बोट लावलं नाही. तो फक्त आक्काला म्हणाला, "भाऊ हाय. त्याचं शिक्षान मोडू नगं." तेव्हापासून मी तिच्या उजव्या बाजूला बसायचं टाळू लागलो, कारण तिकडून तिला ऐकू येत होतं.

पुढं पुण्यात वसतिगृह, टायपिंग, शॉर्टहँड, एका कंपनीत क्लार्क, मग एजंटमार्फत मस्कत. इथं मी एका बांधकाम कंपनीत टाइमकीपर आहे. एसीची केबिन, टेबलावर टेलेक्सची भेंडोळी, आणि मला खरंच कुणी अरे म्हणत नाही, मिस्टर म्हणतात. बापाचं म्हणणं खरं झालं. ते बघायला तो राहिला नाही, त्याच्यामागं वर्षात आईही गेली.

लेबर कँपात दर शुक्रवारी सकाळी मी इंग्रजीचा वर्ग घेतो. बिहारी, मल्याळी, आपले सातारकडचे, सगळे. साइटवरची पाटी वाचता यावी, रजेचा अर्ज लिहिता यावा एवढंच शिकवायचं. त्यात रामसेवक नावाचा गवंडी होता, चाळिशी उलटलेला. "डू, डिड, डन" तीनदा सांगूनही तो "डू, डूड" म्हणाला. बाकीचे हसले. आणि माझा हात गेला. कसा गेला कळलं नाही. कानाखाली आवाज निघाला तेव्हा मलाच तो ओळखीचा वाटला.

रामसेवक उठला. विटा फोडणारा हात त्याचा, एकच ठोसा दिला. माझा पुढचा दात तुटून वहीवर पडला, ओठ फाटला, मी फळ्यासकट खाली. तो वर उभा राहून शांतपणे म्हणाला, "मास्टर, सीखने आए हैं, पिटने नहीं." मग जागेवर जाऊन बसला आणि वही उघडली. "अब पढ़ाइए." तोंडातलं रक्त पुसून मी शिकवलं. त्या रक्ताची चव घेताना मला लाज वाटली आणि हलकंही वाटलं. इतक्या वर्षांत मला तिथल्या तिथं परत देणारा तो पहिला माणूस.

पुढच्या रजेत गेलो ते थेट मुठ्याला, आक्काच्या सासरी. गावातलं आमचं घर आता बंदच असतं. आक्काचा नवरा पिरंगुटला कारखान्यात, तो पाळीवर गेला होता. आक्का तांदूळ निवडत होती, शेजारी तिची पाचवीतली मुलगी इंग्रजीचं पुस्तक घेऊन घोकत होती. मुलगी म्हणाली, "दे इज." आक्का मान वर न करता म्हणाली, "दे आर."

मी म्हटलं, "आक्का, तुला येतं?"

"टेक, टुक, टेकन," ती म्हणाली. "तवा बी येत हुतं."

मला पुढचं विचारायला धीर होईना. तिनंच सांगितलं, खडे बाजूला काढत, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. "पयल्या वर्षी दिलं हुतं मी उत्तर, एकदा. सरांनी उठावलं. त्या धाकट्या रखमाच्या कानफटात मारावी लागली. मुतली ती पोरगी उभ्या उभ्या. मग ठरीवलं, येत न्हाई म्हणायचं. उत्तर दिलं का मारावं लागतंय. त्यापरीस खाल्ल्याली बरी."

नऊ जणांच्या रांगेमागं ती उभी होती ती उत्तर माहीत असून. आणि मी जन्मभर समजत आलो की आमच्या घरात हुशार मी. माझी सगळी इंग्रजी त्या क्षणी मला थुंकून टाकावीशी वाटली. मी सरकत सरकत तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसलो आणि विचारलं, "माझा राग आला नाही तुला?"

"आला की. अजून हाय," ती म्हणाली. "मरस्तवर राहील. ऊठ, हात धू, भात गार व्हतोय."

मी जेवलो. तिनं दोनदा भात वाढला, तिसऱ्यांदा विचारलं नाही, वाढलाच.

परत आल्यावर पहिल्या शुक्रवारी पाठ होता आपलं घर कुठं आहे ते सांगण्याचा. सगळ्यांनी आपापली गावं लिहिली. रामसेवकनं विचारलं, "और आपका, मास्टर?" मी फळ्यावर लिहिलं, "माय होम इज इन मुठा," आणि पूर्णविराम दिला. त्या गावात मी एक रात्रही राहिलेलो नाही. पण माझ्यावर राग असलेलं माझं माणूस तिथं आहे, आणि मी गेलो की ते मला जेवायला वाढतं.