टंचाई शाखेतली लोकर

“दोन्ही हात पुढं करा.”

टंचाई शाखेच्या दारात तावातावाने आलेल्या माणसाला आमचा शिपाई प्रथम एवढेच सांगे. एका म्हाताऱ्याला वाटले, बेड्या घालतात. तो दोन पावले मागे सरला. शिपायाने त्याच्या मनगटांवर काळ्या लोकरीची लडी चढवली, टोक सोडवले आणि समोर बसून गुंडा करायला घेतला.

“ताणून धरा, काका. खाली पाडू नका. साहेब टपाल बघायलेत.”

लडी धरलेल्या माणसाला टेबलावर मूठ आपटता येत नाही. बोट रोखता येत नाही. तुम्ही कधी कुणाची लडी धरली असेल तर जाणता. हात आपोआप डावीउजवीकडे झुलू लागतात, आणि झुलत्या हातांनी आवाज चढवणे अवघड जाते.

लातूर तेव्हा नवा जिल्हा होता. जुन्या जिल्ह्यातून फायली येत होत्या, कपाटे येत नव्हती. पाऊस तर कुठेच आला नव्हता. मी नांदेडहून बदलून आलो होतो. गावोगावचे टँकर मंजूर करणे हे माझे काम. दिवसभर आरडाओरडा ऐकायचा, आणि जेवणानंतर रक्तदाबाची गोळी घ्यायची, असा माझा क्रम होता.

शिपाई चाकूरकडचा. फौजेतून आलेला, म्हणून सारे त्याला मेजर म्हणत. हुद्द्याने तो कधीच मेजर नव्हता. खेड्यातली माणसे मात्र मेजरला माझ्यापेक्षा मोठा अधिकारी समजत. “मेजरसायबांनी बसा म्हनलं,” असे सांगून काही जण माझ्यासमोर बसून राहात, मी उठा म्हणालो तरी.

गावाकडच्या धनगरांकडून तो लोकर आणी. दारात उभ्या उभ्या टकळीवर कातून सूत काढी, दुपारी सुया घेऊन विणी. भर मे महिन्यात. एकाच स्वेटरची पाठ मी तीन वेळा विणलेली आणि तीन वेळा उसवलेली पाहिली. शेवटी विचारले, “हा घालणार कोण?”

“घालायला कुटं इनतोय, साहेब?”

कारण त्याने एकदाच सांगितले. पायाला जखम होऊन तो लष्करी रुग्णालयात सहा महिने पडून होता. पाय बरा झाला. हातांना कंप राहिला. तिथल्या एका नर्सबाईने सुया हातात दिल्या. “हात रिकामे राहिले का थरथरतेत. काम दिलं का गप बसतेत. लेकरावानी हायत.”



मग तक्रार आली. एका सरपंचाने कलेक्टरसाहेबांना लेखी कळवले: लोक पाण्यावाचून तडफडत असताना शासनाचा शिपाई कार्यालयात स्वेटर विणत बसतो. मजकूर खोटा नव्हता. चौकशी माझ्याकडे आली. मेजरची नेमणूक तात्पुरती होती. दर तीन महिन्यांनी नवा आदेश निघे. पुढचा आदेश आता माझ्या अहवालावर अवलंबून होता. त्याचे शेत कोरडे पडलेले. घर या पगारावर चाले.

“तक्रार खरी आहे का?”

“खरी हाय. सकाळधरनं दीड वीत झालंय.”

“नोकरी जाईल.”

“व्हय,” तो म्हणाला. “खरं त्येच लिवा, साहेब.”

चौकशी संपेपर्यंत लोकर बंद, असा आदेश मी दिला. त्याने तो पाळला. चार दिवस तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून दारात बसला. त्या चार दिवसांत माझ्या टेबलाची काच फुटली आणि एका गावचे लोक रिकाम्या घागरी माझ्या खोलीत मांडून गेले. गोळ्या मी दोन घेऊ लागलो.

पाचव्या दिवशी तो सरपंच जबाब द्यायला आला. व्हरांड्यातूनच ओरडत आला. “टँकर कुटाय? हितं समदे खुर्च्या गरम करायलेत!” मी नोंदवही उघडून दाखवली. टँकर रोज पोहोचल्याची नोंद होती, खाली माझी सही होती. त्याने वही भिरकावली. ती मेजरने झेलली.

मी म्हणालो, “मेजर, लडी आणा.”

त्याने माझ्याकडे पाहिले. मग पिशवी उघडली. काय होते आहे हे सरपंचाला कळण्याआधी त्याचे हात लडीत गेले होते.

“टँकरवाला खोटं बोलतो म्हना की,” मेजर गुंडा करीत म्हणाला.

“त्यो कशाला खोटं बोलंल? येतो की रोज. पर वढ्यापातूर.”

“वढ्यापातूरच का? हात जरा वर, सरपंच.”

“उतार ढासळलाय. गाडी रुतती. मग अल्याडच मोकळा करतो. निम्मं पानी मातीत. बाया डोक्यावर घागरी घेऊन वढा चढतेत. म्हाताऱ्यांनी काय करावं?”

“हे आधी का न्हाई सांगितलं?”

“कुनी इचारलं? कुनी बसा म्हनतंय, कुनी जा म्हनतंय.”

मी नोंदवही उचलली आणि माझ्या सह्या पाहिल्या. मग जबाबाचा कागद पुढे केला.

“सही.”

“कशी करू? हात गुतलेत.”

“थांबतो,” मी म्हणालो. त्या कार्यालयात मी कुणासाठी थांबण्याची ती पहिली वेळ.

गुंडा होत आला तेव्हा सरपंच निवला होता. “मेजर, स्वेटर कुनाचा म्हनायचा ह्यो?”

“कुनाचाच न्हाई. इनतो अन् उसवतो.”

“अन् मग?”

“पुन्यांदा इनतो.”

सरपंच माझ्याकडे वळला. “साहेब, ह्यो तर तुमच्या खात्याचा पक्का मानूस! ह्याची कसली चौकशी करता?”

मी हसलो. आतल्या खोलीतले दोन कारकून उठून पाहायला आले.

दुसऱ्या दिवशी उतारावर मुरूम पडला आणि टँकर गावात गेला. अहवालात मी दोन वाक्ये लिहिली. ‘सदर शिपाई कामाच्या वेळेत लोकर काततो व विणतो, हे खरे आहे. त्यामुळेच ओढ्याची माहिती शाखेस मिळाली, हेही खरे आहे.’ कलेक्टरसाहेबांनी खाली शेरा मारला: ‘पाहिले.’ तीन महिन्यांचा आदेश निघाला.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. टंचाई शाखा बंद झाली आणि तिच्याबरोबर मेजरची जागाही. शेवटच्या दिवशी तो कामाचा दाखला मागायला आला. छापील नमुन्यात ‘कामाचे स्वरूप’ असा रकाना असतो. तिथे टपाल नेणे, पाणी देणे, असे लिहिण्याची पद्धत आहे. मी लिहिले, ‘आलेल्याचे ऐकून घेणे.’

त्याने दोनदा वाचले. “असली जागा सरकारात हाय का, साहेब?”

“नाही.”

“मंग?”

“असायला हवी,” मी म्हणालो आणि शिक्का मारला.

त्याने फौजेतला सलाम केला, कागदाची चौघडी खिशात घातली आणि गेला. पुढे आमची गाठ पडली नाही. काही वर्षांनी चाकूरहून आलेल्या एका तलाठ्याला विचारले, तेव्हा कळले की तो वारला. दाखल्याचा त्याला कुठे उपयोग झाला की नाही, हे तलाठ्याला ठाऊक नव्हते.

दाखल्याची प्रत कार्यालयाच्या फायलीत लावायची असते. ती मी लावली नाही. घरी आणली.