तळ्यातलं निंदण
सुनेच्या हातांना आज तळ्यातल्या गाळाचा वास आला आणि मला लग्नानंतरचा पहिला श्रावण आठवला. बेशरमाच्या झुडपांनी आमचं तळं काठाकडून गिळत आणलं होतं, मासोळ्या कमी झाल्या होत्या, म्हणून सासरच्या आम्ही मासे धरणाऱ्या ढिवर बाया ती झुडपं उपटायला गुडघाभर पाण्यात उतरलो होतो. माहेरी मी धानाच्या बांधीत निंदण काढलेलं. धान नाही ते उपटायचं, एवढंच मला ठाऊक. दुपारपर्यंत बेशरमाबरोबर पाण्यातलं मऊ गवतही मी उपटलं आणि मोठ्या ऐटीत तो ढीग सासूला दाखवला. गवतात नखाएवढी पिलं तडफडत होती. "मासोळीचा पाळणाच उपटला व तू," ती म्हणाली. मला रडू आलं. तिने पिलं ओंजळीने पाण्यात सोडली, मग माझे हात धरून एकेक जुडी परत गाळात रोवून घेतली. "बेशरम कुठंबी पसरते. या गवताले जागा करून द्या लागते." मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "नव्या पाण्यात मुळं धराले दिवस लागतेत." आज सुनेनेही तसाच ढीग समोर आणून ठेवला. तीही धानाच्या घरची. मी साडी खोचली आणि तिचा हात धरून तळ्याकडे निघाले.