चार घरांचा गोल

माझे धाकटे दीर, धाकूभावजी, यांना वाडीत कोणी नावाने हाक मारत नाही. त्यांना लेखनिक म्हणतात. या पदाला पगार नाही, खुर्ची नाही, शिक्का नाही. पण शिमगा जवळ आला की त्यांच्यासाठी आमच्या ओटीवर माणसं येऊन बसतात, आणि चहा मात्र मला करावा लागतो.

भावजी मुंबईला गोदीत होते. माल कुणाचा आणि जाणार कुठे, ते पेट्यांवर ब्रशाने रंगवायचं त्यांचं काम. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवून ते गावी आले ते अक्षर घेऊन आले. अक्षर असं, की त्यांनी पालीच्या बाजाराची यादी लिहून दिली तरी वाटावं आता ही बोटीत चढणार. जाऊबाई गेल्यापासून ते आमच्यातच जेवतात, आणि जेवताना आमटीत काय कमी आहे तेही सांगतात.

आता हे पद त्यांना का मिळालं ते सांगते. शिमग्याला आमच्या देवीची पालखी बाहेर पडते. ती उचलायचा मान वाडीतल्या चार घरांचा. वरचं घर, वडाकडचं घर, देवळाजवळचं घर आणि आम्ही पऱ्याकडचे, म्हणजे ओढ्याच्या कडेचे. चारी घरांचे खांदे लागले तरच पालखी हलते. शिमग्याच्या निमंत्रणाच्या कागदावर ही चारी नावं असतात, आणि भांडण सगळं तिथेच. एकाखाली एक नावं लिहिली की कोणी तरी खाली जाणारच. एका वर्षी देवळाजवळच्यांचं नाव चौथं आलं. त्या वर्षी त्यांच्या घरातल्या सगळ्या पुरुषांची एकदमच कंबर धरली. पालखी उन्हात तशीच, ढोलवाले सावलीला झोपलेले, आणि देवी बिचारी आपल्या लेकरांचं शहाणपण बघत बसलेली.

पुढच्या वर्षी भावजींनी कागदाच्या मधोमध एक नारळ काढला आणि त्याच्या भोवती चारी नावं गोल लिहिली. बांगडीला जसा शेवट नसतो तसा तो गोल. कोण पहिला, कोण शेवटचा, कळायची सोय नाही. चारी घरं खूश. त्या दिवसापासून भावजी लेखनिक झाले, आणि दर वर्षी तो गोल हाताने काढून देऊ लागले. एक देवळात, एक एक चारी घरांत, एक मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाला.

गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा हात कापायला लागला. ते कोणाला सांगत नव्हते. चहाचा कप हातात न घेता बशीतूनच प्यायचा, सही मागितली की चष्मा सापडत नाही म्हणायचं. पण मी त्यांना बघते ना रोज. एकदा ते नारळ काढायला बसले आणि फणस निघाला. कागद चुरगळून त्यांनी माझ्या चुलीत घातला आणि म्हणाले, "वयनी, औंदा पेनं चांगली येत नायत."

गोल निघाला नाही तर पालखी अडणार, हे मलाही कळत होतं. आणि लेखनिकाला लिहिता येत नाही हे वाडीला कळलं तर भावजींचं काय उरणार, हे त्यांना जास्त कळत होतं.

त्याच सुमाराला माझ्या मुलाने, विनोदने, घरात कॉम्प्युटर आणला, छापायच्या यंत्रासकट. नात मनस्वी दापोलीला शेतकी शिकते, तिच्यासाठी म्हणून. तिच्या वाट्याला तो फक्त सुट्टीत यायचा. बाकीचे दिवस घरात चर्चा एकच, की यात लिहायचा प्रोग्रॅम कुठला घालायचा. मला वाटायचं टीव्हीसारखं असेल, लावला की दिसतं. तसं नसतं. आत लिहायचं वेगळं यंत्र घालावं लागतं, आणि ती यंत्रं बाजारात नवऱ्यामुलांसारखी ढीगभर असतात. प्रत्येकात काही तरी खोट.

विनोद लोट्याला कंपनीत आहे, आठवड्याने घरी येतो. तो म्हणाला, आमच्या ऑफिसात आहे तोच घेऊ, विकतचा, भारी. भावजींनी विचारलं, एकदा घेतला की झालं ना? तर नाही. दर वर्षी पैसे भरायचे.

"म्हणजे लिवण्याला भाडा?" भावजी म्हणाले. "आणि नाय भरला तर आदी लिवलेला पण त्यांचाच काय?"

विनोद म्हणाला की काका तुम्हाला टेक्निकल नाही कळणार.

मग भावजींचा मुलगा रितेश याने मुंबईहून फोनवर मत दिलं. तो तिकडे मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात आहे, त्यामुळे त्याला सगळंच येतं. तो म्हणाला, पैसे कसले भरता, मी तोच प्रोग्रॅम फुकट पाठवतो. पाठवला. चारच दिवस चालला, मग पडद्यावर लाल पट्टी येऊन बसली, की ही प्रत खरी नाही. गणपतीला पाहुणे आले तरी ती पट्टी हलली नाही. शेजारच्या बायका विचारायच्या, काकी, हे काय लिहिलंय? मी सांगायची, नवीन कॉम्प्युटरला असतंच ते, दृष्ट लागू नये म्हणून.

सूनबाई म्हणाली, नेटवर फुकट लिहिता येतं. येत असेल. आमच्याकडे रेंज फक्त गोठ्याच्या मागे, काजूच्या झाडाखाली येते. तिथे कॉम्प्युटर नेऊन ठेवायचा, तर म्हशीला विचारायला हवं.

मनस्वी म्हणाली की एक खरोखरचा फुकट प्रोग्रॅम आहे, जगभरातली माणसं मिळून तो बनवतात आणि वाटतात. यावर घरात पहिल्यांदाच एकमत झालं, की तो नको. फुकट देणारा मागाहून काय मागेल याचा नेम नाही. चोरीचा चालत होता, पण फुकटचा नको. अशी आमची अब्रूदार माणसं.

शेवटी विनोदने आपलंच खरं केलं. विकतच्या प्रोग्रॅमला महिनाभर पैसे पडत नाहीत म्हणून तो घातला आणि म्हणाला, काका, औंदाचं निमंत्रण यावर करून दाखवतो. भावजींच्या जिवात जीव आला. पण चेहऱ्यावर असं, की पोराची हौस आहे तर होऊ दे.

विनोदने पहिलं नाव टाइप केलं, ते साहजिकच आमच्या घराचं. आता त्या यंत्राला काय वाटलं कोण जाणे, त्याने आपणहून नावापुढे एकचा आकडा घातला. विनोदने दुसरं नाव लिहिलं, त्याला दोन, असं करत वरच्या घराला चार. तो पुसायचा, ते पुन्हा घालायचं. आणि नेमका त्याच वेळी वरच्या घरातला बाबल्या पावट्याच्या शेंगा द्यायला आला. त्याने खिडकीतून पडदा पाहिला, शेंगा ओटीवर ठेवल्या आणि चहा न घेता गेला. बाबल्या चहा न घेता गेला तेव्हाच मी समजले.

संध्याकाळपर्यंत वाडीभर झालं. पऱ्याकडच्यांनी कॉम्प्युटर कशाला आणला ते आता कळलं, स्वतःला पहिला नंबर घातला आणि वरच्या घराला चौथा. मशीनने घातला, असं विनोद घरोघर सांगत फिरला. देवळाजवळच्या घरी त्याला म्हणे विचारलं, "मशीन कुणाच्या घरात हाय?" वडाकडच्यांच्या कंबरा आत्तापासूनच दुखायला लागल्या.

भावजींनी दोन दिवस आमटीलाही नावं ठेवली नाहीत, इतकं त्यांना लागलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "इनोद, भारी नको, हलका नको, भाड्याचा नको, चोरीचा नको. जो गोल लिवील तो घाल. बाकी मना काय सांगू नको."

पण विनोद पुन्हा बसेपर्यंत बिनपैशाचा महिना संपला होता. विनोदचा विकतचा प्रोग्रॅम आता लिहिलेलं नुसतं वाचू देत होता, हात लावू देत नव्हता. त्यालाही गोल येतो हे विनोदला मुदत संपल्यावर कळलं. मनस्वी सुट्टीला आली, तिने कोणाला न विचारता दापोलीहून आणलेला फुकटचा प्रोग्रॅम घातला आणि जेवणाच्या आधी चारी नावं गोल करून दाखवली. मधे नारळ. खरोखरचा नारळ, शेंडीसकट.

आम्ही सगळे बघायला जमलो. भावजी पडद्याजवळ गेले, मागे आले, पुन्हा जवळ गेले.

"हितं फट हाय," ते म्हणाले.

होतीच. शेवटचं नाव संपून पहिलं सुरू होतं तिथे जागा मोकळी राहत होती. हाताने लिहिताना भावजी एखादं अक्षर जरा फुगवायचे आणि ती फट बुजवायचे. यंत्राची अक्षरं सगळी एका मापाची, फुगायला तयार नाहीत. आणि फट दिसली की पहिला कोण ते आलं. त्यात आमचं घर अगदी डोक्यावर.

मनस्वीने अक्षरं मोठी केली तर ती एकमेकांवर चढली, लहान केली तर फट वाढली. मग ती म्हणाली, "आजोबा, फट तिथेच ठेवून नावांचा गोल फिरवता येतो. बघा, असा." तिने माऊस त्यांच्या हातात दिला. भावजींनी गोल फिरवला. वरचं घर डोक्यावर आलं. अजून फिरवला, वडाकडचं आलं. हात कापत होता, पण गोल कापत नव्हता. दुपारभर ते चाक फिरवत बसले, आमची जेवणं होऊन भांडी घासून झाली तरी.

चहाच्या वेळेला त्यांनी मनस्वीला हाक मारली आणि चार कागद छापायला सांगितले. प्रत्येक घराच्या कागदावर तेच घर डोक्यावर.

मनस्वीने त्यांच्याकडे पाहिलं. "आजोबा, ही फसवणूक झाली."

"कशी काय? नावं तीच, गोल तोच, नारळ तोच. आपण कुठनं बघतो त्यावर सगळा असता."

"आणि देवळात कुठला लावायचा?"

भावजींनी गोल आणखी एकदा पुरता फिरवला. मग म्हणाले, "देवळात नुसता नारळ लाव. देवीला सगळ्यांची नावं ठावं हायत."

कागद गेले. मुंबईच्या मंडळाला एक पाठवायचा तिथे चारही पाठवले, त्यांनी आपापसात काय करायचं ते करावं. दोन दिवस शांतता होती, मग कोणीतरी फोनवर फोटो टाकला आणि कोणीतरी दुसरा टाकला. सकाळीच बाबल्या आमच्या ओटीवर. हातात फोन, त्यात चारी कागद.

मी म्हटलं झालं, आता यंदाही देवी उन्हात. बाबल्याने चहा घेतला, हे पाहून जरा धीर आला. तो भावजींना आत पडवीत घेऊन गेला. पडवी म्हणजे माझ्या स्वयंपाकघराची भिंत, त्यामुळे मला ऐकू आलं त्यात माझा दोष नाही.

"काका, खरा सांगा. यातला असली कुठला?"

"तुज्या घरात कुठला आला?"

"आमचा नाव वर हाय तो."

"मंग?"

बाबल्याने फोनवरचे चारी कागद पुन्हा बघितले. मग हसला. "म्हणजे बाकीच्यांची समजूत काढलीत."

भावजींनी यंदा पावटा कसा झाला ते विचारलं. बाबल्या खुशीत गेला. दुपारी वडाकडचा म्हातारा आला, तोही समजून गेला. देवळाजवळचे रात्री येणार होते, पण त्यांना विचारायची गरजच वाटली नाही, म्हणे आपला असली आहे हे दिसतंच आहे. आपल्या घराला मान मिळाला यापेक्षा बाकी तिघांना फसवलं, याचंच प्रत्येकाला सुख जास्त. यंदा पालखीला खांदा द्यायला इतकी माणसं आली, की देवीला श्वास घ्यायला जागा नव्हती. चारी घरं एकमेकांकडे बघून गालात हसत होती, आणि मुंबईहून आलेली पोरं म्हणत होती की गावात काय एकी आहे.

आमच्याही भिंतीवर कागद आहे. आमचं नाव डोक्यावर आहे. मला वाचता येतं थोडं थोडं, तेवढं नाव येतं. आमच्या घरात तो छापला, तेव्हा खरा असणारच.

विनोद अजून म्हणतो, विकतचा घेतला असता तर फट पडली नसती. रितेश फोनवर सांगतो, आता नवीन आलंय, पाठवू का. भावजी दोघांचंही ऐकून घेतात. परवा खालच्या वाडीचे दोघे आले होते. त्यांचा शिमगा गेल्या वर्षी निमंत्रणपत्रिकेपायी मोडला. ते म्हणाले, तुमचा तो भांडण न होणारा प्रोग्रॅम आम्हालाही घालून द्या.

भावजींनी चष्मा शोधला, तो सापडला. "तुमची घरा किती?"

"सात."

"सात," भावजी म्हणाले, आणि कॉम्प्युटरवरचं फडकं अगदी सावकाश काढलं. "मंग येळ लागंल. वयनी, चहा टाका."