चार नंबरच्या मावशी

समाजकार्य विभागात मावशी शिपाई म्हणून लागल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली होती. किल्ल्या, झाडलोट, चहा ही कामं सगळेच शिपाई करतात. मावशींकडे मात्र एक असं काम होतं, जे अख्ख्या विद्यापीठात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. त्या दुःखी बाई व्हायच्या.

अडचणीतल्या माणसाशी बोलायचं कसं, हे शिकवायला विभागात मुलाखतीचा सराव असे. पूर्वी मुलंच एकमेकांसमोर बसत नि खिदळत. एकदा विभागप्रमुख मॅडम वैतागल्या. "मावशी, तो ट्रे ठेवा नि तुम्हीच बसा बघू." मावशी बसल्या त्या बसल्याच. दारुड्याची बायको, काम सुटलेली मजूर, सासूची उस्तवार करून थकलेली सून अशा सहा केसेस टाइप केलेल्या होत्या. सगळ्या मावशींना तोंडपाठ.

"मावशी, तुम्ही नाटकात जायला हवं होतं!" एकदा एक मुलगा म्हणाला.

"मी नाटकात गेले तर इथला केर कोण काढेल? तुझा बाप?"

केस चार होती मुलगी दुरावलेल्या आईची. अकरा वर्षांपूर्वीपर्यंत मावशी तीही इतरांसारखीच रंगवायच्या. मग त्यांची थोरली एक दिवस सासरहून बॅग घेऊन दारात उभी राहिली. मनगट सुजलेलं. घरात तेव्हा धाकट्याच्या लग्नाची बोलणी चाललेली. पाच मिनिटांत ती आली तशी पायऱ्या उतरली. पुन्हा आली नाही, फोन नाही, दोन ओळी नाहीत. दारात आई तिला काय बोलली, ते आईच्या पोटातच राहिलं. त्यानंतर केस चारमध्ये मावशींना नाटक करावं लागत नसे. मुलंही त्यांना 'चार नंबरच्या मावशी' म्हणू लागली.

दरवर्षी नवी मुलं यायची, वही उघडायची. तिची आठवण येते का? फोन करून बघितलात का? एकाने तर छंद जोपासा, विणकाम करा असं सुचवलं. "लोकर तू आणून दे," मावशी म्हणाल्या, नि वर्ग हसला. पण तुम्ही तिला काय म्हणालात, हे कुणी विचारलं नाही. मावशी रोज देवापुढे हात जोडायच्या. पण देवाला सगळं आधीच ठाऊक, म्हणून तो काही विचारत नाही. मावशींना तर कुणीतरी विचारायला हवं होतं.

यंदा विभाग बंद होत असल्याची नोटीस लागली. शेवटच्या वर्गात चारच मुलं उरली होती. "मावशी, तुमची बदली परीक्षा विभागात," हेडक्लार्क म्हणाला. "उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधायचे. आता रडायला नको, चैन आहे!"

शेवटच्या सरावाला जाड चष्म्याची मुलगी बसली. सराव दोन भेटींचा, एक या बुधवारी, दुसरी पुढच्या. तिने नियमाप्रमाणे खुर्च्या लावल्या. अगदी समोरासमोर नाही, जरा तिरक्या. बोलणाऱ्याला नजर चुकवून खिडकीबाहेर बघता यावं म्हणून. केस चारच काढली. वीस मिनिटं इकडचं तिकडचं विचारलं आणि मग हळूच म्हणाली, "ताई, ती निघाली तेव्हा तुम्ही तिला काय म्हणालात?"

मावशी खिडकीबाहेर बघू लागल्या. प्रश्न विचारल्यावर दहापर्यंत मनात मोजायचं, तोंड उघडायचं नाही, ही मॅडमची शिकवण. मुलगी मोजत होती, तिचे ओठ हलताना दिसत होते. आठ, नऊ, दहा.

"आज नाही सांगितलंत तरी चालेल," ती मऊ आवाजात म्हणाली. "पुढच्या बुधवारी बोलू."

हेही पुस्तकाप्रमाणेच. पहिल्या भेटीत ओढून काढायचं नसतं. मॅडमनी मान डोलावून पैकीच्या पैकी गुण दिले.

ते दिवस मावशींनी कसे काढले, त्यांचं त्यांना ठाऊक. भांडी घासताना, बसची वाट बघताना ते एक वाक्य त्या ओठांवर आणून बघायच्या. कुठेही अडकत नव्हतं. बुधवारी म्हणायचं, बस्स.

सोमवारीच हातगाडी आली. दोघं हमाल सरावाच्या खोलीतून खुर्च्या काढत होते. मॅडम पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. "खोली आजच ताब्यात द्या म्हणतात, मावशी. काय करणार." त्यांचे डोळे लाल होते, त्यांना तरी काय विचारायचं.

जिन्यात चष्मेवाली भेटली. "मावशी, दुसऱ्या भेटीचे मार्क सरासरीने देणार! सुटले बाई. पण तुमची केस भारी होती हं."

"नीट जा," मावशी म्हणाल्या. दैव देतं नि कर्म नेतं, दुसरं काय.

संध्याकाळी घरी मावशींचे यजमान बातम्या बघत होते. छापखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांचं टीव्हीशीच बोलणं जास्त. मावशींनी खुर्ची ओढली, जरा तिरकी लावली.

"अहो, मला एक विचारा."

"काय विचारू?"

"थोरली निघाली तेव्हा मी तिला काय म्हणाले, ते."

त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला. रिमोट बाजूला ठेवला.

"त्यात विचारायचं काय? 'आज नको, घरात पाहुणे आहेत, पुढच्या आठवड्यात ये.' मी दारामागेच होतो."

अकरा वर्षं सांभाळलेलं वाक्य, तेही दुसऱ्यानेच बोलून टाकलं.

"ऐकलं होतंत? मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"काय बोलू? मी तरी कुठे धावलो तिच्यामागे? फळांच्या बशा घेऊन बाहेर गेलो. हसतसुद्धा होतो." ते थांबले. "पुतणीकडे नंबर आहे म्हणे तिचा. उद्या मागू."

'उद्या' म्हणाले नि स्वतःच चमकले. मावशींनी तिथेच फोन उचलला.

"काकू, तो नंबर?" पलीकडून पुतणी म्हणाली. "तो बंद होऊन दोन वर्षं झाली. मीही शोधतेय तिला. तुम्ही कधी मागितलाच नाहीत, मला वाटलं तुम्हाला नकोच असेल."

मावशींनी फोन खाली ठेवला.

"काय म्हणाली?" यजमानांनी विचारलं.

मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. यजमानांनी पुन्हा विचारलं नाही, टीव्हीचा आवाजही लावला नाही, नुसते शेजारी बसून राहिले. त्यांना मोजायचं कुणी शिकवलं नव्हतं. पण दहाच्या पुष्कळ पुढे गेलं असावं.