सासूबाईंसाठी एक खोली

तमाम पुणेकरांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, विश्रांतवाडीतल्या आमच्या गल्लीने एके वर्षी महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वहस्ते एक ओळ लिहिली. त्या ओळीतला निम्मा मजकूर खोडणारा इसम म्हणजे मी.

महापालिका दरवर्षी नागरिकांना विचारते, तुमच्या भागात काय हवं? एक फॉर्म असतो. आम्ही नेहमी बाकं मागायचो. मिळायचीही. आमच्या गल्लीत कुत्रीसुद्धा बाक निवडून झोपतात.

त्या वर्षी मात्र तळमजल्यावरची शेजारीण उभी राहिली. तिचं ऑफिस हडपसरला, नवरा बदलीवर नागपूरला आणि घरी सासूबाई, ज्यांना हल्ली काही आठवत नाही. दोनदा त्या पीठ दळून आणते म्हणून निघाल्या आणि आळंदी रस्त्यावर सापडल्या. तेव्हापासून ही सकाळी नऊला बाहेरून कुलूप लावून जाते. आजी दिवसभर खिडकीत. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणतात, "अहो, एवढं कुलूप काढता का?" मी त्या खिडकीखालून जाताना मोबाइल कानाला लावतो. पलीकडे कोणी नसतं.

गल्लीतल्या बुद्धविहाराच्या सभागृहात बैठक झाली. ठरलं की, म्हाताऱ्या माणसांना दिवसभर सांभाळणारी एक खोली मागायची, आणि दोन मदतनीस बायका. सतरंज्या आणि पंखा विहारातल्या बायका देणार. अर्ज लिहायला अर्थात मी. वळणदार अक्षर आणि फुकट वेळ, दोन्ही माझ्याकडे मुबलक.

क्षेत्रीय कार्यालयातल्या क्लार्कने अर्ज वाचला आणि चष्मा काढला.

"काका, हे दोन मदतनीस काय आहे?"

"दोन मदतनीस आहे."

"पगार आला ना त्यात. इथे फक्त कामं मागायची. भिंत मागा, खोली मागा, बाक मागा."

"बाकं पुरे झाली हो. मग बायका कोण देणार?"

"समाजविकास विभाग. पण ते आधी जागा दाखवा म्हणतील."

माझ्यातला चाणाक्ष माणूस जागा झाला. आधी जागा मिळवू, मग त्यांना दाखवू! तिथेच पेन काढून मी मदतनिसांची ओळ खोडली. खोडलं म्हणून पुन्हा सह्या हव्या होत्या. शेजारणीने कागद निरखून पाहिला.

"दादा, बायकांची ओळ?"

"अगं, ती मागून येईल. खोली तर पदरात पडू दे."

तिने सही केली. माझ्यावर विश्वास ठेवणारी माणसं थोडी आहेत. त्यातली ती एक.

खोली झाली. खरंच झाली, फरशी, नळ, रॅम्प सगळं. मी कॉलर ताठ करून समाजविकास विभागात गेलो. "यंदा तरतूद नाही. आधी कळवायला हवं होतं," असं सांगण्यात आलं. आम्ही म्हणालो, ठीक, आम्हीच पाळीपाळीने बसतो. वेळापत्रकसुद्धा केलं, सोमवार माझा. "उद्या एखाद्या आजी पडल्या तर जबाबदार कोण?" असा विभागातून प्रश्न आला. मी वेळापत्रकाची घडी करून खिशात घातली. शेजारीण दर आठवड्याला विचारायची, "काही कळलं का?" मग विचारायची थांबली.

उद्घाटन मात्र वेळेवर झालं. मांडव, हार, पेढे. गल्लीतल्या सर्वांत वडीलधाऱ्या म्हणून फीत आजींच्या हातून कापली. नवीन लुगड्यात त्या इतक्या खूश होत्या की टाळ्या वाजवणाऱ्यांना त्यांनी उलट टाळ्या वाजवल्या. आत जाऊन नळ सोडून बघितला, पंख्याखाली उभ्या राहिल्या. सून दाराला टेकून नुसती बघत होती. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

फोटो झाले, पाहुणे गेले. महापालिकेच्या माणसाने सगळ्यांना बाहेर काढलं, दार ओढलं, भलंमोठं पितळी कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "पंखा चोरीला जायला नको," तो मला म्हणाला.

आजी पायरीवरच थांबल्या. त्यांनी कुलूप हातात घेऊन हलवून पाहिलं. दाराला कान लावला, बराच वेळ. मग सुनेकडे वळून मोठ्यांदा विचारलं,

"अगं, आत कुणाची सासू आहे?"